मुन्शीचं घोरणं

विलास सामंत घोरतात की नाही, हा प्रश्न त्यांच्या घरात एकोणतीस वर्षं निकालाविना पडून होता. घोरतात असं त्यांची बायको स्मिता म्हणायची. विलासरावांचं म्हणणं असं, की ती त्या वेळी अर्धवट झोपेत असते, तेव्हा तिची साक्ष धरता येत नाही. एकदा तिने मोबाइलवर आवाज टेपसुद्धा करून ठेवला होता. विलासरावांनी तो शांतपणे पूर्ण ऐकला आणि पंख्यात तेल घालायला माणूस बोलावला.

विलासराव तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. वायुगळती झाली तर कोणी कुठे पळायचं, हे त्यांनी हजारो कामगारांना शिकवलं होतं. खरी गळती मात्र त्यांच्या कारकिर्दीत एकदाही झाली नाही. त्याचा त्यांना अभिमान होता आणि थोडी रुखरुखही. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपला मोर्चा जुईनगरच्या आपल्या सोसायटीकडे वळवला. चार मजली इमारतीत दर मजल्यावर भोंग्याचं लाल बटण बसलं, गेटजवळ पिवळ्या रंगाचा गोल काढला गेला, आणि भोंगा वाजला की तोंडाला ओला टॉवेल लावून त्या गोलात येऊन उभं राहायचं, अशी वर्षातून दोनदा कवायत सुरू झाली. लोक कुरकुरत का होईना, येऊन उभे राहायचे.

त्यांच्या खालच्या मजल्यावर मुख्तार परकार आणि रहिमा राहायचे. मूळचे म्हसळ्याकडचे, वाशीला सुक्यामेव्याचा धंदा. त्यांची मुलगी अफशा दोह्याला असते. तिचे दिवस भरत आले तसे दोघं तीन आठवड्यांसाठी तिकडे निघाले. घरात मागे उरत होता मुन्शी. मुन्शी म्हणजे करड्या रंगाचा, लाल शेपटीचा आफ्रिकन पोपट. वय वर्षं नऊ, स्वतःची सरकारी नोंदणीची कागदपत्रं असलेला.

रहिमाभाभी पिंजरा, दाण्यांची पिशवी, कागदपत्रांची फाइल आणि एक हाताने लिहिलेला कागद घेऊन वर आल्या. तो कागद त्यांनी नुसता दिला नाही, स्वतः मोठ्याने वाचून दाखवला.

"उदबत्ती नाय, मच्छरची कॉइल नाय, सेंट नाय, फवारनी नाय. आनि काळा तवा तर अजिबात नाय."

"काळा म्हणजे?" स्मिताने विचारलं.

"तो न चिकटनारा. रिकामा जास्त तापला की त्यातून काय सुटतं ते आपल्याला कळतपन नाही. पाखरू मात्र बसल्या जागी जातं. त्यांचा श्वास लई नाजूक."

"भाभी," विलासराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "मी एकतीस वर्षं गॅसमध्ये काढलीत."

"म्हनून तर तुमच्याकडे ठेवते," रहिमाभाभी म्हणाल्या. स्मिताने त्याच दिवशी घरातला एकुलता एक काळा तवा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला.

पहिला आठवडा बरा गेला. मुन्शी रहिमाभाभींच्याच आवाजात बोलायचा. "जेवलात काय?" असं विचारायचा आणि थोडं थांबून जरा चिडून म्हणायचा, "मग झोपा." त्या आवाजात अशी काही जरब होती, की विलासराव एकदा दुपारी दोन वेळा जेवले. जेवले की ते हॉलमधल्या दिवाणावर, पिंजऱ्याच्या शेजारीच, आडवे व्हायचे. स्मिता बँकेत गेलेली असायची. घरात ते आणि मुन्शी, दोघंच.

दहाव्या दिवशी दुपारी त्यांना जाग आली ती एका भयंकर आवाजाने. पिंजऱ्यातून घरघर येत होती. खोल, ओलसर, जड घरघर. ती हळूहळू चढत गेली, वर जाऊन एकदम थांबली, आणि मग काहीच नाही. विलासरावांनी घड्याळ पाहिलं. पाच सेकंद, दहा, पंधरा. अठराव्या सेकंदाला मुन्शीच्या चोचीतून 'खँक' असा काहीतरी आवाज निघाला, बुडणाऱ्या माणसाने पाण्यावर तोंड काढावं तसा, आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

विलासराव ताडकन उठून बसले. परक्याचा जीव आपल्या घरात जातोय, एवढं एकच त्यांना दिसत होतं. रहिमाभाभींच्या कागदाच्या तळाशी पशुवैद्य डॉक्टर सबिहा यांचा नंबर होता. त्यांनी आवाज टेप करून पाठवला. दोन मिनिटांत डॉक्टरांचाच फोन आला.

"पक्षी केवढा आहे?"

"कबुतरापेक्षा जरा मोठा."

पलीकडे डॉक्टरांनी तो आवाज पुन्हा एकदा वाजवून ऐकला. "घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या. "पिंजऱ्यावर टॉवेल टाका. हातात घट्ट धरू नका, छाती दाबली गेली तर त्याला श्वास घेताच येणार नाही."

दवाखाना बेलापूरला होता. विलासराव रिक्षात पिंजरा मांडीवर घेऊन बसले. टॉवेलखालून घरघर चालूच होती. रिक्षावाल्याने आरशात दोनदा पाहिलं आणि विचारलं, "काका, तुमी ठीक आहात ना? पाणी देऊ?" विलासराव म्हणाले, ते मी नाही, तो पोपट आहे. त्यानंतर रिक्षावाल्याने काही विचारलं नाही, पण गाडी जरा जोरात हाणली.

दवाखान्याच्या बाकावर जवळच्या दिवाळे गावच्या कोळीण वेणूबाई बसल्या होत्या. सकाळचा मासळीचा धंदा उरकून त्या तशाच आल्या होत्या, आणि पायाशी मासळीच्या पाटीत एक कोंबडा ठेवला होता, फुगून, डोळे मिटून बसलेला. टॉवेलखालचा आवाज त्यांनी मान तिरकी करून ऐकला. दोन पूर्ण आवर्तनं होऊ दिली.

"पोपट बरा हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरान कोनतरी घोरतंय."

"आमच्याकडे कोणी घोरत नाही," विलासराव म्हणाले.

"मंग शेजारी असंल." वेणूबाईंनी वाद वाढवला नाही. "ह्यो आवाज आयकू नका. पाखरू दुखन्यात आवाज करीत नाय, गुमान बसतं. शेपूट बघा शेपूट. दर श्वासाला शेपूट पंपासारकी खालवर झाली, आनि चोच उघडी ऱ्हायली, का दुखना समजायचा. ह्या माझ्या कोंबड्याची बघा." विलासरावांनी वाकून पाहिलं. कोंबड्याची शेपूट खरंच हलत होती, खाली-वर, खाली-वर, आणि तो कुठलाही आवाज करत नव्हता.

डॉक्टर सबिहांनी मुन्शीला वजनकाट्यावर बसवलं, बोटाएवढ्या स्टेथोस्कोपने पाठीवरून ऐकलं, चोच उघडून आत बॅटरी मारली. मुन्शीने त्यांना जेवलात काय म्हणून विचारलं.

"छान आहे हा," डॉक्टर म्हणाल्या. "हा आवाज काढायला माणसाची मऊ टाळू लागते, पडजीभ लागते. याला दोन्ही नाहीत. पक्ष्यांना आपल्यासारखा छातीचा पडदासुद्धा नसतो. हा हे कुठून तरी शिकलाय. घरात कोण घोरतं?"

"कोणी नाही."

मुन्शी टेबलावर एका पायावर उभा राहिला, डोळे मिटले आणि घोरू लागला. डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिल्या. अठरा सेकंद झाले. खँक.

"मी माणसांची डॉक्टर नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "पण ज्याचा श्वास झोपेत अठरा सेकंद थांबतो, त्या माणसाला मी असं सोडणार नाही." आणि त्यांनी कागदावर लिहून दिलं. पक्ष्याचं नाव: मुन्शी परकार. निदान: प्रकृती उत्तम. सल्ला: पक्षी सध्या ज्यांच्याकडे आहे, त्या गृहस्थांची झोपेची तपासणी करून घ्यावी.

स्मिताने संध्याकाळी तो कागद दोनदा वाचला. हसली नाही. घडी घातली आणि कपाटात, लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्याबरोबर ठेवून दिली. मग मात्र ती बेसिनपाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली, आणि तिचे डोळे लाल का झालेत हे विचारायची विलासरावांना हिंमत झाली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने वाशीच्या एका तपासणी केंद्रात त्यांचं नाव घातलं.

मुन्शीला या नव्या आवाजाचा फार लळा लागला. तो वेळी-अवेळी घोरायचा. समोरच्या मालतीबाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "विलासराव हल्ली सकाळी अकरालाही झोपतात का हो?" विलासराव सांगायचे, तो पोपट आहे. मालतीबाई मान हलवायच्या, आणि त्या मानेवरून कळायचं की त्यांचा विश्वास बसलेला नाही.

सोळाव्या दिवशी रविवार होता. स्मिता भाजीला गेली होती आणि विलासरावांना घावन खायची इच्छा झाली. बिडाच्या तव्यावर त्यांच्या हातून घावन कधी सुटला नव्हता. त्यांनी स्टूल घेतलं आणि माळ्यावरचा तवा काढला. दोनच घावन, खिडकी उघडी आहे, मी गॅसमधला माणूस आहे. एवढा विचार त्यांनी केला, त्याहून जास्त केला नाही. तवा गॅसवर ठेवला, आच मोठी केली, आणि फोन वाजला.

तपासणी केंद्रातली मुलगी होती. फॉर्म भरायचा होता. इकडे मुन्शी लगेच घोरायला लागला, म्हणून विलासराव फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"सर, रात्री किती वेळा जाग येते?"

"झोपलेल्या माणसाला ते कसं कळणार?"

"घोरता का?"

"नाही."

"सर, झोपलेल्या माणसाला ते कसं कळतं?"

विलासरावांना हा प्रश्न उद्धट वाटला. त्यांनी तिला साक्षीपुराव्याबद्दल समजावून सांगायला सुरुवात केली. पंख्याची गोष्ट सांगितली, पोपटाची सांगितली, पोपट ऐकीव गोष्टी बोलतो हेही सांगितलं. मुलगी मधूनमधून हो सर म्हणत होती. हे सगळं सतरा-अठरा मिनिटं चाललं.

फोन ठेवल्यावर त्यांना पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. बाहेर कोणी घोरत नव्हतं. जेवलात काय, असंही कोणी विचारत नव्हतं.

त्यांनी दार उघडलं. स्वयंपाकघरात तव्यावर अगदी विरळ, निळसर धूर तरंगत होता. म्हणण्यासारखा वासही नव्हता. मुन्शी पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता, दांडीवर नव्हे. पिसं फुगलेली, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. आणि शेपूट. दर श्वासाला ती लाल शेपूट खाली जात होती, वर येत होती, खाली जात होती.

विलासरावांच्या अंगात एकतीस वर्षं झोपलेला माणूस त्या क्षणी उठला. गॅस बंद, खिडक्या सताड उघड्या, पिंजऱ्यावर टॉवेल, पिंजरा घराबाहेर. जिन्यात मोकळी हवा होती. आणि तिथे, मनाला काही विचारायच्या आधीच, त्यांच्या हाताने भोंग्याचं लाल बटण दाबलं.

ते पिंजरा सांभाळत गेटशी पोचले, तोवर अख्खी सोसायटी पिवळ्या गोलात उभी होती. तोंडाला ओले टॉवेल. मालतीबाई तर पोळी लाटता लाटता आल्या होत्या, लाटण्यासकट. कोणी काही विचारायच्या आत विलासराव म्हणाले, "अंतर ठेवा. याला हवा लागू द्या." सगळे दोन पावलं मागे सरले. विलासराव रिक्षात बसले आणि गेले.

दवाखान्यात डॉक्टर सबिहांनी टॉवेलची एक कड उचलली, शेपटीकडे पाहिलं, आणि तपासलं काहीच नाही. मुन्शीला अलगद काचेच्या एका पेटीत ठेवलं, त्यात ऑक्सिजनची नळी सोडली आणि पेटी बंद केली.

"तपासणार नाही?" विलासरावांनी विचारलं.

"आधी श्वास, मग तपासणी. आत्ता हाताळलं तर हातातच जाईल. पाणी पाजलंत का?"

"नाही."

"तेल, मध, असलं काही?"

"नाही."

"चांगलं केलंत. घरात काय चाललं होतं?"

"घावन."

"तवा कुठला?"

"काळा," विलासराव म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि इंजेक्शन भरायला घेतलं. त्या काही बोलल्या असत्या तर विलासरावांना बरं वाटलं असतं.

ते पेटीसमोर स्टुलावर बसले आणि शेपूट मोजू लागले. तेवढ्यात मोबाइल वाजला. दोह्याहून व्हिडिओ कॉल. त्यांनी पटकन उठून भिंतीकडे पाठ केली आणि फोन घेतला. पडद्यावर मुख्तारभाई, रहिमाभाभी आणि दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ.

"नात झाली, विलासभाऊ," मुख्तारभाई म्हणाले. "आज पहाटे. मुन्शीला दाखवा जरा."

"मुन्शी... आंघोळ करतोय," विलासराव म्हणाले.

"मग आवाज तरी ऐकवा त्याचा," रहिमाभाभी म्हणाल्या. "बाळाच्या कानावर पडू दे."

विलासरावांनी फोन भिंतीवरच्या गाईम्हशींच्या तक्त्याकडे वळवला, एक पाऊल बाजूला सरकले, नाक चिमटीत धरलं आणि म्हणाले, "जेवलात काय? मग झोपा."

डॉक्टर सबिहा सिरिंज हातात घेऊन तशाच थांबल्या. दोह्यात रहिमाभाभी पडद्याजवळ सरकल्या.

"विलासभाऊ," रहिमाभाभी शेवटी म्हणाल्या, "त्याचा आवाज बदललाय. पाखराचा आवाज बदलला म्हनजे आत काहीतरी बिघडलं असं समजायचं. आजच डॉक्टरला दाखवा."

"दाखवतो."

"आत्ता निघा."

"निघालोच," विलासराव म्हणाले आणि फोन बंद करून त्याच स्टुलावर परत येऊन बसले.

एक वाजला. शेपूट हलतच होती, पण मघाशी ती जेवढी खाली जायची तेवढी आता जात नव्हती, असं विलासरावांना वाटत होतं. ते खरं होतं की त्यांना तसं वाटायला हवं होतं, हे ठरत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, पिंजरा बाहेरच्या खोलीत खिडकीशी होता म्हणून एवढा तरी वाचला, पण दोन दिवस काही सांगता येणार नाही. विलासरावांना आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं, की आपण हजारो लोकांना पळायला शिकवलं, पण पळून झाल्यावर पुढे काय करायचं असतं, हे आपल्याला माहीत नाही.

स्मिताचा फोन आला. "कुठे आहात? लोक गेटवर उभे आहेत."

"अजून?"

"दोन तास होत आले. तुम्ही 'सर्व ठीक' म्हटल्याशिवाय गोलातून हलायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंय म्हणे. वॉचमन वहीत हजेरी घेतोय. मालतीबाईंची पोळी जळाली."

"फोन स्पीकरवर टाक."

तिने टाकला. पलीकडे गाड्यांचे हॉर्न आणि चाळीसएक माणसांची कुजबुज ऐकू आली. विलासरावांनी पेटीकडे पाहिलं. कवायतीत हे दोन शब्द त्यांनी कितीतरी वेळा ठणठणीत आवाजात म्हटले होते. "सर्व..." ते म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला, की वॉचमनने विचारलं, लाइन कटली काय. "ठीक," विलासराव म्हणाले. लोक घरी गेले. स्मिताने स्पीकर बंद केला आणि एवढंच विचारलं, "पोपट?" "दवाखान्यात," विलासराव म्हणाले. अर्ध्या तासात ती भाजीच्या पिशवीसकट दवाखान्यात येऊन त्यांच्या शेजारी बसली. तवा तिने पाहिलेला होता.

मुन्शी वाचला. तिसऱ्या दिवशी तो पेटीत दांडीवर चढला आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. विलासरावही मध्येच एक रात्र तारा लावून केंद्रात झोपून आले. निकाल आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नाकावर लावायचं एक यंत्र दिलं. ते लावून झोपल्यावर आठवड्याभरात स्मिताचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला, असं बँकेतल्या शुभदाने तिला सांगितलं.

परकार परतले त्या दिवशी विलासराव पिंजरा घेऊन खाली गेले. चहा येण्याआधीच त्यांनी खिशातून कागद काढला आणि उभं राहून वाचला. तारीख, वेळ, घटना, कारण: काळा तवा. जबाबदार व्यक्ती: विलास सामंत. मुख्तारभाई बघतच राहिले. रहिमाभाभींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"आनि फोनवर बोललात ते तुमीच," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कळलं?"

"मुन्शी 'मग झोपा' म्हनतो तेव्हा चिडून म्हनतो. तुमी लाजलात."

"मग त्याला डॉक्टरला दाखवा असं का म्हणालीस?" मुख्तारभाईंनी विचारलं.

"शेजारचा मानूस नाक दाबून पोपटाचा आवाज काढायला लागला, म्हनजे काहीतरी बिघडलं असनारच की."

मुख्तारभाईंना हसू आलं, पण बायकोकडे पाहून त्यांनी ते गिळलं. रहिमाभाभी हसल्या नव्हत्या. त्यांनी पिंजरा उचलून आत नेला आणि नंतर दहा-बारा दिवस जिन्यात विलासराव दिसले की त्या नजर खाली घालून जात. विलासराव भिंतीला चिकटून वाट देत.

मग एका सकाळी दारावरची बेल वाजली. रहिमाभाभी होत्या. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. एकेक खण उघडून पाहिला. ओट्याखालची फिनेलची बाटली बाहेर काढून ठेवली. देवघरासमोर थांबल्या, उदबत्तीचा पुडा कुठे आहे ते स्मिताला विचारलं, आणि तो समोर मालतीबाईंकडे दिलाय हे ऐकून मान हलवली. मग स्टूल ओढून त्यावर चढल्या आणि माळ्यावर मोबाइलचा उजेड टाकून कोपरानकोपरा पाहिला. विलासराव हॉलमध्ये हात मागे बांधून उभे होते. कारखान्यात सरकारी तपासनीस आले की मालक असेच उभे राहायचे.

रहिमाभाभी खाली उतरल्या, ओढणीवरची धूळ झटकली.

"बाळाच्या बारशाला जायचंय," त्या म्हणाल्या. "चोवीस तारखेला सकाळी आनून देते."